रॅकवरचा पाचवा शब्द

बस न्हावऱ्यात थांबली होती. दौंडहून निघून जेमतेम दीड तास झाला असेल, तेवढ्यात सुनीताताईचा फोन आला. ‘वैशे, आप्पा गेलं गं...’ मी तशीच खाली उतरले आणि उलट्या बाजूची गाडी पकडायला रस्ता ओलांडला. त्या घडीला वाटत होतं, आपली थोडक्यात चुकामूक झाली. खरं काय झालं होतं, ते कळायला अजून पाच दिवस जायचे होते.

आप्पा माझ्या नात्यातले नव्हते. मांडवगण फराट्याला आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहायचे. शिक्षण सातवी. कारखान्याच्या स्टोअरमध्ये माल उचलायला लागले आणि स्टोअरकीपर होऊन निवृत्त झाले, ते खोक्यांवरचं इंग्रजी वाचायला स्वतःचं स्वतः शिकल्यामुळे. शिकले तेही स्टोअरच्याच पद्धतीने! ज्या शब्दांची पहिली दोन अक्षरं सारखी, ते एका रॅकवर. एका रॅकवर सहा शब्द, प्रत्येकाच्या मागे त्याचा अर्थ, आणि क्रम कायमचा ठरलेला. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर आम्हा दहा-बारा मुलींना बसवून ते रॅक म्हणून घ्यायचे. डब्ल्यू-ए आला की आम्ही सुरू... वॉल, भिंत. वॉर्म, कोमट. वॉश, धू. वॉटर, पाणी. वेट, थांब. वॉक, चाल. मी पहिल्यापासून भांडखोर. ‘आप्पा, मला नुसता पाण्याचा शब्द पाहिजे, भिंतीपासून कशाला येऊ?’ असं विचारलं तर म्हणायचे, ‘मधनंच माल उचलायचा न्हाई. पहिल्यापासनं यायचं, म्हंजी पाहिजे ती वस्तू बरोबर हाताला लागती.’ दुसरा नियम याहून कडक. म्हणणारी अडली, की शेजारणीने लगेच पुढचा शब्द द्यायचा. ‘अडलेल्याला ताटकळत ठिवायचं न्हाई,’ हे त्यांचं पालुपद. त्या ओट्यावर मी इतके शब्द पुढे सारलेत, की कुणी अडलं की आजही माझं तोंड आपोआप उघडतं. आज शिरूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते ते त्यांच्यामुळेच, यात शंका नाही.

काकू, म्हणजे त्यांची बायको, गेल्यावर ते दौंडला लेकीकडे, सुनीताताईकडे राहायला गेले. तिथेच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पाणी हवं की कूस बदलायची, काही सांगता येईना. पण तिसऱ्या दिवशी अचानक त्यांच्या तोंडून रॅक येऊ लागले. मराठीचा एक शब्द नाही आणि इंग्रजी घडाघडा! दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, आजोबा बडबडतात, लक्ष देऊ नका. ताईला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं, कारण आम्ही ओट्यावर बसायचो तेव्हा ती घरची भाकरी आणि गुरं सांभाळत होती. मला मात्र ते ऐकून आनंद झाला. हो, आनंदच. मला वाटलं, आप्पा परत येतायत.

मग त्यांना ताईच्या घरी आणलं. त्या शेवटच्या रविवारी मी दुपारभर त्यांच्यापाशी बसले. दुसऱ्या दिवशी शाळेची तपासणी, म्हणून चारची बस गाठायची होती. मी पर्स उचलली आणि आप्पांनी डाव्या हाताने माझा पदर धरला. घाम फुटला होता त्यांना. ‘वॉल... वॉर्म... वॉश... वॉटर...’ ताईने पाणी एवढंच ओळखून चमचा पुढे केला. त्यांनी मान फिरवली. ‘वेट,’ म्हणाले आणि थांबले. माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी म्हणाले, ‘वॉक, आप्पा. वॉक, चाल.’ त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा भिंतीपासून सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबले. मी पुन्हा पुढचा शब्द दिला. तिसऱ्यांदा तर मी हसून त्यांच्या खांद्यावर थोपटलं, ‘एकच राहतोय आप्पा, बाकी सगळा पाठ आहे!’ पदर सुटला. मी निघाले.

पाचव्या दिवशी जलदान विधी झाला. माणसं पांगल्यावर ताईने मला कोपऱ्यात घेतलं. ‘तू गेल्यावर ते दाराकडं बघत एकच शब्द म्हणत व्हते गं. वेट, वेट. काय असतंय ते?’

पाचवा शब्द. मधून उचलायचा नाही म्हणून तो माणूस मोडक्या जिभेने दर वेळी पहिल्यापासून चालत तिथवर आला होता, आणि हाताला लागलेली वस्तू मी तीनदा काढून घेतली होती. ते अडले नव्हते. त्यांनी मला सांगितलं होतं. मी ताईला म्हणाले, ‘काही नाही, पाठांतरातला शब्द आहे.’ इंग्रजीची बाई मी, आणि एका शब्दाचा अर्थ सांगायला घाबरले.

महिनाभर ते खोटं मी तसंच ठेवलं. परवाच्या रविवारी दौंडला गेले. ताई स्वयंपाकघरात पीठ मळायला बसली होती. उंबऱ्यावर बसून तिला सगळं सांगितलं. पदर, चमचा, माझं हसणंसुद्धा. तिचे हात थांबले.

‘तुला थांब म्हणत व्हते?’

‘हो.’

‘आन् मी त्यांच्या तोंडाला पाणी लावत बसले...’ तिने पिठाचा हात परातीच्या कडेला निपटला. मग एकदम कडाडली, ‘विचारलं तवाच का न्हाई सांगितलंस? महिनाभर मी काय काय समजून बसले! वाटलं, माझ्यावर चिडून गेले...’

ती रडली, मी रडले. खाटेवरची त्यांची गोधडी तिने अजून काढलेली नाही, हे मला तेवढ्यात दिसलं. बाहेर ऊन उतरत होतं. तिने मनगटाने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘तुझ्या गाडीची येळ झाली आसंल.’

‘मी आज थांबते, ताई.’

डबा ओढून तिने परातीत आणखी दोन मुठी पीठ घातलं.