भागाबाईच्या जिभेवरचं मीठ

मेहरूणच्या पोहण्याच्या तलावावर भागाबाई बिऱ्हाडे झाडूकामाला लागली, त्याआधी दोन हिवाळे तिने त्याच तलावाच्या बांधकामावर घमेली वाहिली होती. काम संपलं, बाकीची माणसं पांगली. तलाव चालवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी जीवराम नाना तिला म्हणाले, "भागाबाई, तुम्ही राहा. तुमच्यासारखं हात राखून न ठेवता काम करणारं माणूस मला हवंय." पारोळ्याकडच्या खेड्यातून आलेली, चौथीपर्यंत शिकलेली आणि नवरा गेल्यावर दोन मुलींना घेऊन जळगावातच पाय रोवलेली ही बाई. सकाळी सहाला यायची, काठाच्या फरशा लांब दांड्याच्या ब्रशने घासायची, पाण्यावरची निंबाची पानं जाळीने काढायची. काठावर बसून कुणी चूळ भरली तर पोरगं कुणाचं हे न बघता रागवायची.

१९९३ साली मंडळाने पुण्याहून मिठावर चालणारं यंत्र आणलं. तलावात मिठाची पोती रिकामी करायची, ते पाणी यंत्रातल्या पत्र्यांमधून फिरवायचं, आणि विजेच्या जोरावर त्याच पाण्यात क्लोरीन तयार व्हायचा. पावडरीचा वास नाही, डोळ्यांची आग नाही. नाना येईल त्या पाहुण्याला आधी यंत्र दाखवायचे, चहा मागाहून. यंत्र सांभाळायला आयटीआय झालेला अभिमन पाटील होता. तो भागाबाईला अक्का म्हणायचा.

पुढच्या मे महिन्यात यंत्रावरचा तांबडा दिवा लागला. मीठ कमी. अभिमनने दोन पोती ओतली, दिवा विझला. चार दिवसांनी पुन्हा लागला. त्याने पत्रे पातळ ॲसिडने धुतले, वायरी तपासल्या, परत पोती ओतली. तरी क्लोरीन पुरेना. पाणी हिरवट दिसू लागलं, पायऱ्यांवर शेवाळ धरलं. पाणी रोज चार बोटं उतरतही होतं, ते बोअरच्या नळीने भरून काढायचे. त्याचं मात्र कुणाला नवल वाटलं नाही. जळगावच्या उन्हात पिळलेलं लुगडं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं, तिथे तलाव आटणारच.

पुण्याहून मेकॅनिक आला. त्याने पत्रे उलटसुलट पाहिले आणि सांगून टाकलं, "हे गेले. नवे मागवा. महिना लागेल."

नानांचा चेहरा उतरला. "म्हणजे उन्हाळा गेलाच. सोमवारपासून तलाव बंद."

भागाबाई तिथेच ब्रश घेऊन उभी होती. गेल्या वर्षी घासताना तोंडावर उडणाऱ्या पाण्याची चव तिच्या चांगली लक्षात होती. तिने वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अभिमन भाऊ," ती म्हणाली, "पानी आटत नही. कोठे तरी जाई ऱ्हायनं."

"अक्का, पंचेचाळीस डिग्री ऊन आहे. आटणार नाही तर काय?"

"वरण जास्ती आटनं तं कसं लागस?"

"खारट."

"मंग? पानी आटस, मीठ आटत नही. तलाव आटता तं खारा व्हता. हाई तं अळणी लागस. पानीसंगे मीठबी जाई ऱ्हायनं."

मेकॅनिक हसला. "बाई, हे मशीन आहे. स्वयंपाकघर नाही."

अभिमन हसला नाही. खाली मान घालून तो गेल्या पंधरवड्यात किती पोती ओतली ते बोटांवर मोजत होता. एवढं मीठ गेलं कुठे, हा प्रश्न त्याला तोवर पडलाच नव्हता.

पडताळा कसा घ्यायचा तेही भागाबाईनेच सांगितलं. तलावाच्याच पाण्याने बादली भरली, आत दगड टाकून ती पाण्यातल्या पायरीवर ठेवली. बादलीच्या आत एक रेघ, तलावाच्या भिंतीवर एक रेघ. बोअरची नळी बंद. ऊन दोघांना सारखंच लागणार. आटत असेल तर दोन्ही सारखे उतरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना स्वतः बघायला आले. बादलीतलं पाणी बोटभरही उतरलं नव्हतं. तलावाचं चार बोटं उतरलं होतं. नानांनी वाकून दोन्ही रेघा बोटांनी मोजल्या. मग म्हणाले, "भागाबाई, शोधा. कोण काय म्हणतो ते मी बघतो."

तिने तलावाला बाहेरून फेरी मारली. पश्चिमेच्या भिंतीमागे मातीवर मिठाचा पांढरा खार फुलला होता, आणि तिथलं गवत करपून गेलं होतं. आत त्याच बाजूला, उथळ पाण्यात, यंत्रातून परत येणाऱ्या पाण्याचा पाईप भिंतीतून बाहेर पडत होता. अभिमनने पंप बंद केला. पाणी आरशासारखं थांबलं. भागाबाईने कपड्यांची नीळ एका बाटलीत कालवली, लुगडं खोचलं आणि पायऱ्यांवरून खाली उतरली.

भरल्या तलावात ती पहिल्यांदाच उतरत होती. पाणी कमरेला लागलं, मग छातीला. ती भिंत धरून थांबली. काठावरून अभिमन म्हणाला, "अक्का, तळ पक्का आहे. तुम्हीच घातलाय." तशी ती भिंतीला लागून पुढे सरकली. पाईपच्या तोंडाजवळ बाटली धरून तिने थेंब थेंब नीळ सोडली. निळा धूर पाण्यात तरंगत राहिला. वरच्या बाजूला सोडली, तरी तशीच. खालच्या बाजूला सोडली, आणि त्या निळीचा दोरा झाला. दोरा सरळ पाईपच्या कडेच्या फटीत ओढला गेला आणि दिसेनासा झाला.

"ही शे!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की फाटकावरचा चौकीदार धावत आला.

पाणी पाईपच्या खाली उतरवून अभिमनने फट खोदली, वॉटरप्रूफ सिमेंटने भरली, सुकू दिली. तलाव भरला, मीठ टाकलं. तिसऱ्या दिवशी त्याच जुन्या पत्र्यांमधून बारीक बुडबुड्यांची रांग निघाली. यंत्रावर हिरवा दिवा लागला. त्या उन्हाळ्यात तलाव एकूण अकराच दिवस बंद राहिला. नाना आता पाहुण्यांना यंत्र दाखवण्याआधी भागाबाईला हाक मारू लागले.

दोन वर्षांनी धुळ्याच्या एका संस्थेने तसंच यंत्र घेतलं, आणि त्यांचाही क्लोरीन पुरेना. त्यांचा फोन आला. अभिमन आणि भागाबाई सकाळच्या एसटीने गेले. तलावाचं पाणी रोज उतरतं म्हणून तिथले तरुण इंजिनिअर गळती शोधायला भिंत फोडायच्या तयारीत होते. भागाबाईने बोट बुडवून चाखलं, थुंकलं आणि मान हलवली.

"भिंत फोडू नका, साहेब," ती त्यांच्यासाठी शुद्ध बोलत म्हणाली. "पाणी चांगलं खारट झालंय. हे आटतंय, गळत नाही. मीठ भरपूर आहे. पत्रे काढून बघा."

पत्र्यांवर बोअरच्या पाण्याचा चुना बोटभर जाड बसला होता. अभिमनने तो ॲसिडने उतरवला आणि दुपारपर्यंत यंत्र चालू झालं.

इंजिनिअरांनी नोंदवही उघडली आणि सवयीने पेन अभिमनकडे केलं. "तपासणी कुणी केली, ते नाव लिहा."

अभिमनने पेन पुढे सरकवलं. भागाबाईने हात लुगड्याला पुसले, खुर्ची ओढून नीट बसली आणि सावकाश, एकही काना न गाळता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.