कडूबा मिस्त्रीचा शेवटचा हात

कडूबाच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून आईनं त्याचं नाव कडू ठेवलं. गाव देवगाव रंगारी. पोलीस अॅक्शन झाली त्या साली त्याची उर्दूची दुसरी इयत्ता संपली होती. पुढं शाळा मराठी झाली, पण कडूबा शाळेत राहिला नाही. शहरात जाफर गेटजवळ एका उस्तादाच्या शेडमध्ये ट्रकचे नटबोल्ट रॉकेलात धुवायला लागला. तेव्हापासून वाचणं पाट्यांवरून शिकलेल्या मराठीत, हिशेब तोंडी आणि सही उर्दूत, असं त्याचं चालत आलं.

उस्ताद काम डोळ्यानं तपासू देत नसत. डोळे मिटायचे आणि अंगठा फिरवायचा. कुठं खरखर लागली की तिथं कानस, मग पॉलिश पेपर, मग तेलाचा बोळा, आणि पुन्हा अंगठा. याला ते शेवटचा हात म्हणायचे. उस्ताद गेले, शेड कडूबाकडे आली, आणि शेवटचा हातही त्याच्याकडेच राहिला. गाडी चालू होऊन गिऱ्हाईक निघायच्या बेतात असलं तरी कडूबा म्हणायचा, थांबा, एक हात राहिलाय. लोक बसून राहायचे. काम पक्कं व्हायचं, म्हणून कोणी बोलत नसे.

शहाऐंशी साली बिडकीनचा बन्सी आपली जीप घेऊन आला. जीप पेट्रोलवर होती. बिडकीन ते शहर अशा सवाऱ्या वाहून पेट्रोल परवडत नव्हतं, तेव्हा त्याला जीप डिझेलवर करून हवी होती. चिकलठाण्याच्या एका कारखान्यानं लिलावात काढलेली अपघाताची मॅटाडोर त्यानं घेतली होती. गाडी भंगार झालेली, पण इंजिन शाबूत होतं. कडूबानं आधी कागद विचारले. बन्सीकडे कारखान्याची पावती होती, त्यावर इंजिनाचा नंबर होता. आरटीओत अर्ज देऊन इंजिन बदलायची परवानगीही त्यानं आणली होती. काम झाल्यावर गाडी दाखवायची, साहेब तपासणार, आणि मग आरसी बुकात जुना नंबर खोडून नवा चढणार, पेट्रोलच्या जागी डिझेल लिहिलं जाणार. एवढं झालं की गाडी रस्त्यावर. कागदाच्या बाबतीत बन्सी चुकला नव्हता, हे इथंच सांगून ठेवतो.

काम अकरा दिवस चाललं. जुनं इंजिन चेनपुलीनं उचलून कोपऱ्यात लाकडी फळ्यांवर ठेवलं. डिझेलचं इंजिन वजनाला जवळपास दीडपट, म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला. इंजिनाचे पाय जीपच्या चेसीसला जुळेनात, तेव्हा जाड पत्र्याचे नवे पाय कापून घडवले. गिअरबॉक्सला जोडायची तबकडी तीन वेळा बसवली आणि तीन वेळा काढली, कारण केसाएवढी फट राहत होती. रेडिएटर मागं सरकवला, टाकी धुतली. पन्नाशीच्या जवळ आलेल्या माणसानं इतक्या वेळा गाडीखाली जाऊ नये. अकराव्या दिवशी इंजिन लागलं, आणि बन्सी घ्यायला येणार म्हणून कडूबानं शेवटचा हात द्यायला घेतला.

इंजिनाच्या अंगावर तेलाची आणि मातीची खापरी चढली होती. ती त्यानं पत्र्यानं खरवडली, तारेच्या ब्रशनं झाडली. एका गालावर बोटभर लांबीची सपाट पट्टी निघाली. अंगठा फिरवला. खरखर लागली. कोणीतरी हातोडी मारलेली दिसते, लोखंडाची कुसं उठलीत, असं समजून त्यानं बारीक कानशीचे वीस-पंचवीस हात मारले, वर पॉलिश पेपर फिरवला, तेलाच्या बोळ्यानं पुसून घेतलं. डोळे मिटून पुन्हा अंगठा फिरवला. काचेसारखं लागलं.

त्याचा जन्म ज्या इंजिनांत गेला, त्यांचा नंबर वेगळ्या पट्टीवर असायचा, रिव्हेटनं ठोकलेला. नंबर इंजिनाच्या अंगावरच ठोकलेला असू शकतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. आणि खापरीखालच्या त्या पट्टीकडे त्यानं डोळे उघडून एकदाही बघितलं नाही.

आरटीओच्या पासिंगच्या मैदानात गाड्या रांगेत लावून लोक सावली धरून बसले होते. जीपची पाळी दुपारी आली. तपासणीला पाठक म्हणून इन्स्पेक्टर होते, हेमचंद्र पाठक. अंगानं बारीक, बोलायला हळू, दिवसभर उन्हात उभं राहून दमलेले. त्यांनी ब्रेक बघितला, लाईट बघितले, वाढवलेले पाटे बघून मान हलवली. मग पातळ कागद काढला. चेसीसच्या नंबरावर कागद धरून आडवी पेन्सिल फिरवली, आकडे उठून आले. दुसरा कागद घेऊन ते इंजिनावर वाकले. पावतीवर बघितलं, पट्टीवर कागद धरला, पेन्सिल फिरवली. कागद नुसता काळा झाला. त्यांनी तो उजेडाला धरून बघितला आणि पट्टीवर स्वतःचं बोट फिरवलं.

कडूबा बाजूला उभा होता. साहेबाचं बोट त्या पट्टीवरून फिरताना त्याला आपल्या अंगठ्याची खरखर आठवली. कुसं नव्हती ती. आकडे होते.

साहेबांनी बन्सीला विचारलं, नंबर कुठं आहे. बन्सीनं कडूबाकडे बघितलं. कडूबा जमिनीकडे बघत होता.

पाठक साहेबांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “मिस्त्री, काम चांगलं आहे. मला इंजिन दिसतंय. पण माझ्या वहीत इंजिन जात नाही, नंबर जातो. नंबर घासलेलं इंजिन म्हणजे कोणाचंही इंजिन.” मग त्यांनी बन्सीला सांगितलं की दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर जुनं पेट्रोलचं इंजिन परत चढवा. नाहीतर नंबर कोणी घासला, का घासला, हे त्या माणसानं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं. मग पोलिसांकडून दाखला येईल, कारखान्याचं पत्र येईल, आणि वरिष्ठांनी हुकूम दिला तर नंबर पुन्हा ठोकता येईल. लिहून देणाऱ्याची चौकशी होईल, तेही त्यांनी सांगून टाकलं. तोवर जीप रस्त्यावर चालवायची नाही.

जीप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत शेडमध्ये परत आणली. मग बन्सी म्हणाला, “नंबर पुसत्यात ते चोरीच्या गाडीचा पुसत्यात, मिस्त्री. मी कोनाची चोरी केली होती?”

कडूबा दोन्ही वाटांचा हिशेब करत राहिला. जुनं इंजिन परत चढवायचं म्हणजे अकरा दिवस. त्याला ते अंगातूनच कळत होतं, गुडघ्यापासून मानेपर्यंत. आणि लिहून द्यायचं म्हणजे तीस वर्षं ज्या हातावर लोक गाडी सोडून जात होते, त्या हातानं नंबर घासला असं सरकारी कागदावर येणार. जाफर गेटला असं नाव एकदा लागलं की निघत नाही.

तिसरी वाटही होती, आणि ती शेडपासून शंभर पावलांवर होती. भंगाराच्या बाजारात फकिरा नंबर ठोकायचं काम करायचा. त्याच्याकडे आकड्यांचे पंच होते, हर नमुन्याचे. खबर त्याच्यापर्यंत पोचली होतीच. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच शेडमध्ये आला आणि बोनेट उघडून बघायला लागला.

“क्या मिस्त्री, नंबर खा गये? भूक लागली होती का?” असं म्हणून तो हसला. मग त्यानं सांगितलं की दहा मिनिटांचं काम आहे. पावतीवर नंबर आहे, तोच ठोकायचा, त्यात खोटं काय. वर जरा तेल, माती, आठ दिवस उन्हात. साहेबाला म्हणायचं, त्या दिवशी घाणीखाली दिसला नाही.

बन्सीला ते पटलं. नंबर खराच होता, नुसता परत आपल्या जागी जाणार होता. कडूबानं फकिराच्या हातातला पंच घेतला आणि त्याच्या टोकावर अंगठा फिरवला. काम चांगलं झालं असतं, त्याला माहीत होतं. फकिराचा हात सरळ होता. पण ती पट्टी साहेबानं बोटानं बघितली होती. बोटानं बघणाऱ्या माणसाला तेल आणि माती दाखवून फसवायचं, हे कडूबाच्या हातून होईना. त्यानं पंच परत फकिरापुढं ठेवला.

तो म्हणाला, “नाय फकिरा. माझ्या हातानं गेलंय, माझ्याच नावावर राहू दे.”

फकिरानं पंच उचलले. जाताना शेजारच्या टपरीवर बसलेल्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, नंबरखाऊ मिस्त्री आता हरिश्चंद्र झालाय. त्यातलं हरिश्चंद्र लोक विसरले. नंबरखाऊ राहिलं.

कोर्टाबाहेर रामकिसन टायपिस्ट बसायचा. हजारो प्रतिज्ञापत्रं त्यानं टाईप केलेली, माणूस बोलायच्या आधी त्याची बोटं चालू व्हायची. कडूबानं झालेलं सांगितलं. रामकिसननं टाईप केलं आणि वाचून दाखवलं: सदर क्रमांक माझ्या हातून अनवधानाने घासला गेला.

कडूबानं विचारलं, अनवधानानं म्हणजे काय. लक्ष नसताना, असं रामकिसननं सांगितलं.

“लक्ष नव्हतं असं नाय,” कडूबा म्हणाला. “लई लक्ष देऊन घासलाय. पंचवीस हात कानस मारली.”

रामकिसननं यंत्रावरची बोटं काढली. “अहो मिस्त्री, लक्ष देऊन असं लिहिलं तर सरळ आत जाल. अनवधान हा तुम्हाला वाचवणारा शब्द आहे.”

बन्सीनंही समजावलं, राहू द्या, एक शब्द तर आहे. पण कडूबा हटून बसला. नंबर कळला नाही ही चूक कबूल, ती दहा वेळा लिहा. पण बेफिकिरीनं काम केलं असं तो लिहून देणार नव्हता. तीस वर्षांत त्यानं तसं एकही काम केलं नव्हतं, आणि ते काम तर नव्हतंच. मागं रांग लागली होती. रामकिसननं कपाळाला हात लावला, कागद बदलला आणि कडूबा सांगेल तसं टाईप केलं: इंजिन साफ करताना, तो नंबर आहे हे न कळल्यामुळे, मी तो कानशीने घासून गुळगुळीत केला. खाली कडूबानं उर्दूत सही केली. रामकिसननं सही उलटसुलट करून बघितली आणि अंगठाही उठवून घेतला. उजव्या हाताचा तोच अंगठा शाईत बुडाला.

पुढचे दोन महिने नुसते जाण्यायेण्यात गेले. ठाण्यात जबाब झाला. तिथं हवालदारानं तीन वेळा विचारलं की नंबर घासायला कोणी सांगितलं, आणि तिन्ही वेळा कडूबानं सांगितलं, कोणी नाय. कारखान्याचं पत्र यायला पाच आठवडे लागले. दर खेपेला कडूबा शेड बंद करून बन्सीबरोबर जायचा, बाकावर बसायचा, पाळी यायच्या आत खिडकी बंद व्हायची. बन्सीनं बिडकीनमध्ये दुसऱ्याची जीप बदलीवर चालवायला घेतली होती. त्याबद्दल तो कुरकुरला नाही, त्यामुळे कडूबाला जास्तच जड जायचं. शेडमध्ये गाड्याही कमी झाल्या. एक जुनं गिऱ्हाईक गाडी टाकताना हसत म्हणालं, मिस्त्री, आमचा नंबर तेवढा ठेवा. कडूबाही हसला. नंतर त्याच्याकडून त्या गाडीचा एक स्क्रू उलटा पिळला गेला, तो काढून परत बसवला.

संध्याकाळी सायकल रेटत तो गारखेड्याला घरी यायचा. बायको सरूबाई ताट वाढायची. एकदा तिनं विचारलं, तो शेवटचा हात दिला नसता तर काय बिघडलं असतं. कडूबानं घास गिळला. म्हणाला, “काय नाय. कोनाच्या ध्यानात पन आलं नसतं.”

पोलिसांचा दाखला आला आणि वरिष्ठांचा हुकूम निघाला. पासिंगच्या मैदानात पाठक साहेबांसमोर नंबर ठोकायचा, आणि ज्यानं घासला त्यानंच ठोकायचा, असं साहेबांनी ठरवलं. ते प्रतिज्ञापत्र त्यांनी फाईलमधून काढून पुन्हा वाचलं. म्हणाले, “इथं सगळे अनवधानानंच करतात. गुळगुळीत केला असं लिहून देणारे तुम्ही पहिले.” हसले की नाही ते कळलं नाही.

जीप पुन्हा ओढत मैदानात नेली होती, पंच कडूबानं मागून आणले होते. साहेबानं वहीतून एकेक आकडा सांगायचा, बन्सीनं पावतीवर बघून हो म्हणायचं आणि कडूबानं ठोकायचा. एका आकड्याला हातोडीचा एकच घाव, कारण दुसरा घाव मारला की आकडा दुहेरी उठतो. पाच आकडे सरळ बसले. सहावा आठ होता. वाकून वाकून पाठ धरली होती, कपाळावरचा घाम पापणीत उतरला. घाव बसला, पण पंच किंचित कलला. आठ डावीकडे झुकला.

साहेबांनी कागद धरून पेन्सिल फिरवली. सहाही आकडे उठले, शेवटचा तिरपा. त्यांनी तो कागद फाईलला लावला, आरसी बुकात लिहिलं, पेट्रोलवर रेघ मारून डिझेल केलं आणि पुढच्या गाडीकडे गेले. बन्सी जीपमध्ये जाऊन बसला. दोन महिने बंद असलेलं इंजिन दुसऱ्या झटक्यात लागलं.

बोनेट अजून उघडंच होतं. कडूबानं सवयीनं अंगठा पट्टीवर फिरवला. ताज्या आकड्यांच्या कडांना कुसं उठली होती, आठाला सगळ्यांत जास्त. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा होता. दोन हात पुरले असते, आणि आकड्यालाही धक्का लागला नसता, एवढं त्याला कळत होतं.

बन्सीनं आतून विचारलं, “मिस्त्री, राहिलंय का काही?”

“नाय,” कडूबा म्हणाला, आणि त्यानं बोनेट लावलं.