कुंडातले तीन जीव

पाटीवर ओले फडके फिरवले की जो वास येतो, तो वास त्या पाण्याला होता. सानगडीपासून काही अंतरावर, टेकडीच्या पायथ्याशी, खडकातून फुटणाऱ्या झऱ्यांचे एक कुंड आहे. खोली चौदा मीटर. मे महिन्यात आसपासच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, आटतात, त्यांच्या तळाला भेगा पडतात, तेव्हाही कुंडाचे पाणी वीतभर उतरत नाही.

मी तेव्हा इंजिनियर रेजिमेंटमध्ये कॅप्टन होते. पावसाळ्यापूर्वीच्या पूरबचाव सरावासाठी आमची डायव्हिंग टीम गोसीखुर्दच्या परिसरात आली होती. धरणाच्या पाण्यात स्वतःचा हात दिसत नव्हता, आणि नव्या डायव्हरला आधी स्वच्छ पाणी हवे असते. हे कुंड हवालदार शालिक उके यांनी सुचवले. सानगडी त्यांचे गाव.

सकाळी सहा वाजता सिलिंडर भरणारा कंप्रेसर सुरू होई. आठ वाजता ब्रीफिंग. प्रत्येक डायव्हरच्या कमरेला दोरी, काठावर ती धरणारा एक जवान. एक ओढ म्हणजे ठीक आहे. चार ओढी म्हणजे वर घ्या. मी सुपरव्हायझर, उतरण्याची वेळ, सिलिंडरमधले प्रेशर आणि वर येण्याची वेळ मी लॉगबुकात लिहीत असे.

उके यांनी त्या लॉगबुकात एक रकाना वाढवला होता. वर आलेल्या डायव्हरने खाली पाहिलेले तीन जीव सांगायचे, जागेसकट. तीन सांगता आले नाहीत, तर त्या दिवशी त्याने पुन्हा पाण्यात उतरायचे नाही. हा नियम कोणत्याही मॅन्युअलमध्ये नव्हता.

"घाबरलेल्या माणसाले पाण्यात फक्त पाणी दिसते, मॅडम," ते म्हणाले. "ज्याले कासव दिसलं, त्याचं डोस्कं जागेवर हाये."

लान्स नायक गुरमीत आमचा सर्वांत नवा डायव्हर. पहिल्या दिवशी वर येऊन त्याने सांगितले, "मछली, मछली, मछली."

"अबे, घर में माँ को भी 'औरत' बुलाता है क्या? नाम बता!" उके ओरडले.

आठवड्याभरात गुरमीतला मरळ आणि वाम वेगळी ओळखता येऊ लागली.

त्या नियमाने मला पाण्यात बघायला शिकवले. मरळीची तांबूस पिल्ले झुबक्याने तरंगतात आणि आई त्यांच्याखाली खडकासारखी स्थिर असते. कासव अंग वाळूत पुरून फक्त नाकाचे टोक वर ठेवते. पाणकावळा वरून पाण्यात सूर मारतो तेव्हा त्याच्या पिसांवर हवेचा रुपेरी थर असतो. तो पक्षी न वाटता वितळलेले काहीतरी वाटतो. तळाशी झऱ्याच्या मुखापाशी वाळू सतत उकळत असते, आणि बोटाएवढे मासे प्रवाहाकडे तोंड करून, एका रेषेत, जागच्या जागी पोहत राहतात. नोकरी सोडल्यानंतर आजही मी मोहाडीच्या माझ्या घरून तिथे जाते आणि उतरते. त्या रेषेपाशी थांबते.

त्या दिवशी तिसऱ्या डायव्हरचा कान दुखत होता, म्हणून उके आणि गुरमीत दोघेच आळीपाळीने उतरणार होते. ११.०५ ला उके वर आले.

"बोला," मी म्हटले.

"मरळ, पिल्लांसकट, पूर्वेच्या कपारीले. कासव, झऱ्याच्या डाव्या अंगाले, वाळूत." ते थांबले. डावा दंड चोळत होते. "आन... खेकडा."

"कुठे?"

"हाये ना मॅडम, तिथंच. लिहा."

उके जागा सांगितल्याशिवाय जीव सांगत नसत. त्यांना खेकडा दिसला नव्हता, हे मला कळले. तरी मी 'खेकडा' लिहिले. अठरा वर्षे पाण्यात काढलेल्या माणसाला पोरांसमोर काय हटकायचे, असे मला वाटले. ११.१२ ला गुरमीत उतरला आणि नियमाने अपात्र ठरलेले उके त्याचे स्टँडबाय, म्हणजे गरज पडल्यास मदतीला उतरणारे, डायव्हर झाले. खरे तर मी त्याच क्षणी सराव थांबवायला हवा होता.

११.३१. दोरीला चार ओढी. जवानाने दोरी ओढली. ती आली नाही. कोळ्यांचे जुने जाळे खाली अडकलेले होते, दोरी त्यातच गुंतली असणार. गुरमीतच्या सिलिंडरमध्ये जेमतेम दहा मिनिटांची हवा उरली होती.

"मी जाते," मी म्हटले.

उके यांनी मास्क चढवलाही होता. "सुपरव्हायझरनं काठ सोडाचा नाही, मॅडम."

११.४० ला गुरमीत वर आला. त्याच्या कमरेला उके यांची दोरी होती. जाळ्यात फसलेली त्याची दोरी कापून उके यांनी स्वतःची त्याला बांधली होती.

"उस्ताद नीचे हैं," तो म्हणाला. "हिल नहीं रहे थे ठीक से."

मी लॉगबुक जवानाकडे दिले, राखीव सिलिंडर पाठीवर चढवला, गुरमीतने सोडलेली दोरी कमरेला बांधली. ११.४३ ला उतरले. जाळ्याशी झालेल्या झटापटीने तळाचा गाळ उठला होता. काचेपुढे तपकिरी भिंत. मी श्वास मोजला. दोरी नसलेला अनुभवी डायव्हर गाळात भटकत नाही. तो स्वच्छ पाण्याकडे, झऱ्याकडे जातो. तळाला हात लावत पुढे सरकले. गालाला थंड पाणी लागले, मग मासे दिसले, सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला. त्या दिशेने गेले.

उके झऱ्याच्या मुखाशी खडकाला टेकून बसले होते. रेग्युलेटर तोंडातून सुटला होता. मी त्यांना कवेत घेतले आणि चार ओढी दिल्या.

११.५१ ला आम्ही वर आलो. जवानाने वायरलेस उचलला.

"टँगो वन, कॅज्युअल्टी वन. ॲम्ब्युलन्स फॉरवर्ड. ओव्हर."

"रॉजर. वीस मिनिटे. आऊट."

वीस मिनिटे मी आणि गुरमीत आळीपाळीने त्यांची छाती दाबत होतो. नंतर ॲम्ब्युलन्समध्येही. रुग्णालयात डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. पहिल्या बुडीतच त्रास सुरू झाला असावा, असेही सांगितले.

चौकशीत मी लॉगबुक पुढे ठेवले. तिसरी नोंद खोटी आहे हे लिहिताना मला माहीत होते, असे जबाबात नोंदवले. अधिकाऱ्यांनी तो दोष मानला नाही. असा रकाना कोणत्याच नियमात नव्हता. फाईल बंद झाली. पण उके यांच्या आईला मी स्वतः सांगितल्याशिवाय माझ्यापुरती ती बंद होणार नव्हती.

मी सानगडीला गेले. उके यांच्या आई, कौतिकाबाई, ओसरीत सुपातले तांदूळ निवडत होत्या.

"तुमी उभ्या काहून, मॅडम? बसा."

मी उभीच राहिले. रकाना, दंड, खेकडा, सगळे क्रमाने सांगितले. त्यांची बोटे सुपात फिरत राहिली.

"तुमी हटकलं असतं, त आयकलं असतं का त्यानं?"

"माहीत नाही. पण अडवायला हवे होते."

"हव," त्या म्हणाल्या. "अडवाले पायजे होतं."

त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला.

"तो सरदाराचा पोरगा. जेवते का आता?"

"जेवतो. पण पाण्यात उतरत नाही."

"उतरव त्याले. माह्या शालिकनं उगाच काढला का वर?"

मी होकार दिला. पुढच्या महिन्यात गुरमीतला घेऊन मी स्वतः उतरले. पण ते नंतरचे. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. फाटकापर्यंत त्या सूप हातात घेऊन माझ्यामागे आल्या. मी कडी लावत असताना, सासरी निघालेल्या लेकीला पुन्हा ये म्हणतात, तसा त्यांनी एकच शब्द उच्चारला.

"येजो."