बेभरवशाचा गूळ

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर साल असेल. सोलापुरात आमच्या चाळीचं सगळं गिरणीच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की आमचे हे उठायचे, मी चूल पेटवायची आणि शेळीला अर्धी भाकरी टाकायची. एक दिवस चुकले नाही. लेक आठ महिन्यांची, मला अंगावरचं दूध नाही, म्हशीचं तिला पचेना; म्हणून वैरागच्या बाजारातून शेळी आणलेली. तिच्या दुधावर पोर जगवायची होती.

आणि ही बया भाकरी खाऊन थेट शेजारच्या मामांच्या दारात उभी! मामा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातून रिटायर झालेले, एकटे. ते तिला कधी गुळाचा खडा द्यायचे, कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. तरी हिचा मुक्काम तिथंच. मी धार काढायला बसले की पान्हा चोरायची. मामांचं दार नुसतं करकरलं तरी सड टपटपायला लागायचे. मी भांडायलाच गेले.

"मामा, एक तर रोज द्या, न्हायतर कदीच देऊ नका की!"

"रोज कसा दिऊ पोरी? आटवण झाली तर देतो. लई इसरभोळा झालोय मी."

मग ह्यांनी डोकं चालवलं. आपणही बेभरवशाचं व्हायचं! पण बेभरवशाचं वागणंसुद्धा ह्यांना शिस्तीत हवं. पाच चिठ्ठ्या केल्या. एकीवर 'भाकरी', चार कोऱ्या. रोज भोंगा झाला की शेळीसमोर मांडी घालून, गंभीर चेहऱ्यानं चिठ्ठी उचलायची. कोरी निघाली की तिला हात जोडून "आज न्हाय" म्हणायचं. चौथ्या दिवशी शेळीनं पाचही चिठ्ठ्या खाल्ल्या आणि मामांकडे गेली.

मी हात टेकले. पोर कडेवर, चरवी हातात, अशी रोज मामांच्या उंबऱ्याशी जाऊन धार काढू लागले. मामा आठवलं तर शेळीला गूळ देत, बोटाला लागलेला पोरीला चाटवत. दूध मात्र भरपूर मिळायला लागलं. पोरीनं अंग धरलं. वेळच्या वेळी वाटी तिच्या तोंडाला लावणारी मी.

तुळशीच्या लग्नानंतर ती आधार सोडून उभी राहिली. मी ओट्यावर दुधाची वाटी घेऊन समोर बसलेली, "ये, ये" म्हणतेय. तिनं माझ्याकडं पाहिलं, वळली आणि आयुष्यातली पहिली पावलं टाकत मामांच्या दाराकडं निघाली. माझा नुसता तिळपापड झाला. रडूही आलं, खोटं कशाला सांगू? मामा तर पुतणीच्या लग्नाला गेलेले, दाराला कुलूप. शेळी आधीपासून तिथं बसली होती. पोर तिच्या शेजारी जाऊन बसली. मी वाटी घेऊन मागं उभी राहिले, पण दोघींपैकी एकीनंही वळून पाहिलं नाही.