दहापैकी दहा

या ग्रुपवर मी चार वर्षं आहे आणि माझी ख्याती काही चांगली नाही. कुणी भुताखेताचा अनुभव टाकला की खाली "बी-ट्वेल्व्ह तपासून घ्या" नाहीतर "झोप पुरी करा" असं लिहिणारी ती मीच. ज्यांना लागलं असेल त्यांची मनापासून माफी मागते. आता माझ्या पोस्टखाली तुम्हीही तेच लिहा, चालेल... मला खरोखरच कुणीतरी कारण सांगायला हवंय.

मी शिरूरला एका मधुमेहाच्या दवाखान्यात काम करते. पेशंटचे पाय तपासणं हे माझं काम. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पाय बधिर होतात, आणि पेशंटला ते पटत नाही. मग मी त्यांना कॅनॉलचं उदाहरण देते. आपल्या अंगात चेतापेशी असतात ना, त्यातल्या काहींची शेपटी कमरेपासून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते — एकाच पेशीची! तिला काम एकच, अंगठ्याला काय लागलं त्याचा निरोप वर पोचवायचा. तो मणक्यातून मेंदूत गेला तरच आपल्याला कळतं. जिची शेपटी सगळ्यात लांब ती सगळ्यात आधी मरते, कॅनॉलच्या टेलला, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही तसंच. आमच्याकडच्या माणसाला टेल म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. ब्रशच्या केसासारखा नायलॉनचा एक तंतू असतो. पेशंटने डोळे मिटायचे. आपण तो तळपायाला टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा, आणि जाणवलं की त्याने "हां" म्हणायचं. अशा दहा जागा. मधेच एखाद्या वेळी न टेकवता नुसतं गप्प बसायचं... उगाच हां म्हणणारे तिथे बरोबर सापडतात.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं खुटबाव. आप्पा, म्हणजे माझे वडील, तिथे शेवंती आणि ऊस करतात. त्यांची शुगर वीस वर्षांची. महिन्यातल्या एका रविवारी मी न्हावरा-केडगाव अशा गाड्या बदलत सकाळी पोचायचे, ओसरीवर त्यांचे पाय मांडीवर घ्यायचे आणि वहीत मार्क लिहायचे. आप्पा टोपी डोळ्यांवर ओढून बसायचे. त्यांच्या मागे भिंतीला टेकून आई हार ओवत नाहीतर मेथी निवडत असायची. दर वेळी दहापैकी दहा.

"बघ गं डॉक्टरीणबाई," आप्पा म्हणायचे, "पाय खणखणीत हायेत. उगं माझं दारं धरणं बंद करायला निघाली व्हतीस."

दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवणं. आप्पा ते अनवाणीच करायचे. वाफा भरला की नाही हे पायाला कळतं, म्हणायचे. पाय बधिर निघाले तर मी त्यांना शेतात पाऊल टाकू देणार नाही, हे त्यांनाही माहीत होतं आणि आईलाही.

मागच्या मार्चमध्ये आई गेली. सकाळी चहा ठेवता ठेवता खाली बसली, ती उठलीच नाही. आप्पा फार बोलेनासे झाले. पण माझा रविवार चालू राहिला. ते तसेच टोपी ओढून बसायचे, मागे नुसती भिंत. आणि तरी दहापैकी दहा. निदान एवढं तरी धड आहे म्हणून मला बरं वाटायचं.

नोव्हेंबरमध्ये वहिनीचा फोन आला.

"ताई, आप्पांच्या चपलंत खिळा हाय. पार आरपार. फरशीवर रगात दिसलं म्हणून बघितलं, तर तळवा काळानिळा झालाय. तीन दिस तसंच हिंडत्यात!"

पुण्याला नेलं. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तिथे मशीनवर दोन्ही पायांच्या नसा तपासल्या. बारीक करंट देतात आणि निरोप पुढे जातो का ते स्क्रीनवर बघतात. रेघ हललीच नाही. डॉक्टर म्हणाले, "या नसा काल-परवा गेलेल्या नाहीत, बरीच वर्षं झाली असणार. घरात कुणी पाय तपासत नव्हतं का?" मी पिशवीतून वही काढली आणि परत आत ठेवली. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बाहेर बाकावर वहिनी माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर एक सांगू का? आईंनी शपथ घातलेली म्हणून बोलले न्हाई."

"काय?"

"तुम्ही पायाला टेकवलं की आई मागनं आप्पांच्या पाठीवर बोट टेकवायच्या. मग आप्पा हां म्हणायचे. तुम्ही खाली मान घालून असायच्या, तुम्हाला कुठलं दिसतंय? त्यांचं शेत सुटलं तर त्ये खचत्याल, म्हणायच्या."

मी रागाने उठून चालायला लागले, वहिनी मागोमाग. मी तालुकाभरच्या लोकांचे पाय तपासते आणि माझ्याच घरात, माझ्याच समोर, मेलेल्या पेशीचं काम आई करत होती! कॅन्टीनमध्ये चहा समोर आला तेव्हा कुठे पुढचा प्रश्न डोक्यात आला. आई मार्चमध्ये गेली. मग एप्रिलपासून कोण टेकवत होतं?

"म्या न्हाई बाई," वहिनी म्हणाली. "तवा मी आत सैपाकात असते. मला वाटलं औषधानं फरक पडला."

जानेवारीतल्या एका रविवारी मी परत वही घेऊन बसले. या वेळी बाज अंगणाच्या मधोमध ओढली. मागे भिंत नाही, माणूस नाही, स्वच्छ ऊन. वहिनीला माझ्या शेजारी उभं केलं. उजवा पाय पट्टीत होता, म्हणून डावा मांडीवर घेतला. मशीनवर तोही मेलेलाच होता. आप्पांनी टोपी खाली ओढली.

टेकवलं. "हां." टेकवलं. "हां." नुसतीच थांबले... आप्पा गप्प. टेकवलं. "हां."

दहापैकी दहा. वहिनीने माझा खांदा घट्ट धरला.

"आप्पा," मी विचारलं, "खरं सांगा. पायाला कळतंय?"

"पायाला कुठलं गं. पाठीला कळतंय."

"पाठीला कोण सांगतंय?"

"तुझी आय. दुसरं कोन?" टोपीखालून ते अगदी सहज बोलले. "मला काय ठावं न्हाई व्हय ती गेली त्ये? म्याच अग्नी दिला. पर बोट तिचंच हाय. सुईनं घट्टा पडल्यालं."

मला भीती वाटली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही वाटली. मला आईचा संताप आला. समोर त्यांच्या पाठीमागे नुसतं ऊन पडलं होतं, त्याच्याकडे बघून मी ओरडले, "आई, बास कर! तुझ्या या मायेपायी त्यांची दोन बोटं गेली. उद्या पाय जाईल. आता मला खरं काय ते कळू दे."

आणि तंतू टेकवला.

आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या जागी टेकवला, तिसऱ्या... टाचेवर जरा जोरातच दाबला.

"वैशे, टेकव की," आप्पा म्हणाले.

"चार वेळा टेकवलं, आप्पा."

त्यांनी हात उलटा करून खांद्यावरून मागे नेला. पाठीवर चाचपडत राहिले, जिथवर पोचतो तिथवर.

"गेली व्हय गं?" त्यांनी विचारलं.

टोपी तशीच डोळ्यांवर ठेवून ते रडले, आणि मी त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिले.

दवाखान्यातल्या एका डॉक्टरांना हे सांगितलं. ते म्हणाले, सवयीने ताल बसतो, तुझ्या श्वासावरून त्यांना अंदाज येत असेल. असेलही. दुसऱ्या कुणाचा किस्सा असता तर मीही हेच लिहिलं असतं. पण मग मी बोलले त्याच क्षणी अंदाज कसा बंद पडला? श्वास तर माझा तोच होता. याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

आता आप्पांना जाड तळाचे बूट घेतलेत. वहिनी रोज संध्याकाळी तळवे बघते. पाय वाचला म्हणायचा. दारं भाऊ धरतो, आप्पा बांधावर खुर्ची टाकून बघत असतात.

रविवारची तपासणी मी सोडलेली नाही. आप्पा बाजेवर जरा पुढे सरकून बसतात, मागे एका माणसापुरती जागा सोडून. मी दहा जागी टेकवते आणि शून्य लिहिते. पण लिहायच्या आधी थोडी थांबते. लोकांची खोटी "हां" पकडणारी मी, आप्पांनी एकदा तरी हां म्हणावं म्हणून वाट बघत थांबते.