वेल्डरचा डावा हात

कारखान्यात सगळे मालकिणीला मावशी म्हणतात. तिच्याहून चार वर्षांनी मोठी असलेली शिलाईवालीसुद्धा. पत्र्याची लांब शेड, अकरा मशिनं, एक कटिंग प्रेस आणि नाकात बसलेला चामड्याचा वास. वीस वर्षं इथं वेल्डरचे हातमोजे शिवले गेले आणि सगळे एकाच परदेशी कंपनीला गेले. मग दोन सरकारांचं बिनसलं. तिकडचं आयातशुल्क एका फटक्यात दुप्पट झालं आणि कंपनीचं पत्र आलं: पुढची ऑर्डर थांबवत आहोत. महिनाभर पुरेल एवढंच काम उरलं. त्यानंतर अठरा बायकांना घरी बसवावं लागणार होतं.

कंपनीचा एजंट सोपा उपाय घेऊन आला.

"ताई, माल तिसऱ्या देशातून फिरवू. फक्त लेबल तिथलं लावायचं."

"शिवणार आम्ही आणि नाव त्यांचं?"

"सगळे तेच करतायत."

"मग त्या सगळ्यांकडे जा. चहा झाला ना तुमचा?"

कागदपत्रं सांभाळणाऱ्या धाकट्या दिराने कपाळावर हात मारला. "वहिनी, हातातलं काम घालवलंत."

"ते गेलेलंच होतं, भाऊजी. आता कशाला गळा काढताय?"

दुसऱ्या दिवशी मोज्यांची सहा खोकी टेंपोत टाकून ती जहाजदुरुस्तीच्या यार्डात गेली. पहिल्याच वेल्डरने मोजे चढवले आणि दोन्ही हात वर करून हलवले. मोज्यांच्या बोटांची टोकं रिकामीच लोंबत होती.

"मावशी, हे माणसांसाठीच आहेत ना?"

सगळं यार्ड खो खो हसलं. मावशीचा चेहरा पडला. चामडं कापायचे साचे कंपनीने पाठवलेले, तिकडच्या आडदांड पंजांच्या मापाचे. वीस वर्षांत तिने किंवा तिच्या एकाही बाईने आपण शिवलेला मोजा हातात घालून पाहिला नव्हता. तपासणी व्हायची ती टाक्यांची.

तिने खोक्याचं झाकण फाडलं आणि टेंपोवाल्याकडून पेन मागून घेतलं. "हसून झालं असेल तर हात ठेव इथं."

दुपारपर्यंत त्रेचाळीस पंजे पुठ्ठ्यावर उतरले. पेन फिरवता फिरवता ती प्रत्येकाला विचारत होती, आधी कोणता मोजा जातो? जवळजवळ प्रत्येकाचं उत्तर एकच: डावा. उजव्या हातात वेल्डिंगची कांडी धरायचा होल्डर असतो, डावा कामाजवळ भाजतो. उजवा धडधाकट असताना जोडी टाकून द्यावी लागते.

"सुटा डावा विकायचा?" दिराला पटेना. "वहिनी, मोजे जोडीनेच विकतात."

"विकू देत. वेल्डर जोडीने भाजत नाही."

गावातल्याच फिटरकडून नवे साचे करून घेतले. डाव्याच्या पाठीला दुहेरी चामडं आलं. पहिला माल निम्मा परत आला, अंगठ्याची शिवण टोचत होती म्हणून. मावशीने तो उसवायला लावला आणि शिवण बाहेरून घेतली. हळूहळू यार्डापाठोपाठ बॉयलरवाला आला, मग गेट-ग्रिलवाले आले. तेव्हाच तिने नियम घातला: एका गिऱ्हाइकाच्या कामाला तीनपेक्षा जास्त मशिनं नाहीत, मग ते कितीही मोठं असो.

आठ महिन्यांनी एजंट पुन्हा दारात. सरकारांचं जुळलं होतं, शुल्क उतरलं होतं. कंपनीला पूर्वीसारखी अकराच्या अकरा मशिनं हवी होती. दिराचे डोळे चमकले.

"तीन देते," मावशी म्हणाली. "लेबल आमचं."

"ताई, एवढी मोठी कंपनी! नाराज होतील."

"होऊ देत. भांडायचं सरकारांनी आणि घरी बसायचं माझ्या बायकांनी? एकदा तशी वेळ आली, पुन्हा नाही."

"भाऊ, तुम्ही तरी समजवा यांना."

दिराने घसा खाकरला. अकरा मशिनांचा मोह त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. "वहिनी म्हणतात तेच," तो म्हणाला.

"आणि कंपनीने तीन नाही घेतली तर?"

"तर त्यातली दोन बॉयलरवाल्याला," मावशी म्हणाली. "त्याच्याकडे सध्या एकच आहे. दोन महिने मागे लागलाय."

एजंट फोन लावायला शेडबाहेर गेला. आत कुणी मशीन थांबवलं नाही.