शेजारच्या राऊटरला हात न लावता

हसणार नाही असं कबूल करा, मग सांगते. जाऊ द्या, कबूल करून तरी काय, हसालच. आमची अख्खी गल्ली अजून हसते आहे.

माझा दादा नागपूरला इंजिनीअरिंगला आहे. त्याचं जुनं कॉम्प्युटर नागपूरच्या पुढच्या आमच्या छोट्या गोरेगावला, घरीच असतं. दिवाळीत त्याने त्यावर व्हीपीएन सर्व्हर बसवला, म्हणजे होस्टेलवर बसूनही तो आमच्या घरच्या वायफायवर असल्यासारखा आत येऊ शकणार होता. फक्त पोर्ट फॉरवर्डिंग राहिलं होतं.

घाबरू नका, सोपं आहे. राऊटर हा घराचा चौकीदार. बाहेरून कोणी आलं की हाकलतो. त्याला आधी सांगून ठेवायचं, ‘अमुक नंबरच्या दारावर कोणी आलं तर हाकलू नको, आमच्या कॉम्प्युटरकडे पाठव.’ झालं पोर्ट फॉरवर्डिंग!

रविवारी दुपारी दादाने फोनवरून एकेक पायरी सांगितली. मी राऊटरचं पान उघडलं, नंबर टाकला, नियम लिहिला.

"आता राऊटर रीस्टार्ट कर, तिथंच बटन आहे," दादा म्हणाला.

मी क्लिक केलं. त्याच क्षणी भिंतीपलीकडून ओरडा आला, "अरे! गेला, गेला!"

मला वाटलं, विकेट पडली.

थोड्या वेळाने शेजारच्या शारदाकाकू धावत आल्या. "मिनू, येऊन पाह्य न बेटा, आमचं नेट काऊन बंद पडलं?"

मी गेले. तोवर त्यांच्या राऊटरचा दिवा आपोआप हिरवा झाला होता. मी नुसती त्याच्यासमोर उभी राहिले, तरी काकू म्हणाल्या, "पाहा! पोरीच्या हातात गुण आहे!" मी लाजून खाली पाहिलं. नाही कशाला म्हणायचं?

तिथला थाट काय सांगू! काकूंची मुलगी रीनाताई साडी नेसून बसली होती. समोर डब्याला टेकवून मोबाईल. व्हिडिओ कॉलवर तिला पाहायला बालाघाटकडचं स्थळ आलं होतं, मुलगा पुण्यात नोकरीला. पाहुणे मोबाईलमध्ये होते, तरी काकूंनी त्यांच्यासमोर चिवड्याची प्लेट ठेवली होती!

ताई नर्स आहे. माझा हात दाबून ती हळूच म्हणाली, "आता त्याला विचारते, लग्नानंतर माझी नोकरी चालेल का. मागच्या पोट्ट्याने मी हे विचारल्याबरोबर फोन ठेवला होता. हा चांगला वाटून राहिला गं."

मी घरी आले. दादाचा फोन चालूच होता. "नाही लागत. नंबर पाह्य पुन्हा."

पाहिला. एक आकडा उलटा पडला होता. दुरुस्त केला, पुन्हा रीस्टार्ट.

या वेळी पलीकडून ओरडा आला नाही.  थोड्या वेळाने काकांचा आवाज आला, "झालं! नोकरीचं नाव काढलं अन् पोट्टा पळाला! ‘हे पाहा’ म्हणाला अन् ठेवला! बंद कर तो मोबाईल. आपण पोरीकडचे आहो म्हणून काय पाया पडाचं का?"

मागून ताईच्या रडण्याचा आवाज. मला फार वाईट वाटलं. मनात त्या मुलाला मी दोन शिव्याही दिल्या.

तेवढ्यात दादा ओरडला, "जमलं! आत आलो! पण मिनू, वायफायला जोडलेल्यांच्या यादीत ‘रीना टीव्ही’ आहे, तो आपल्याकडे कधी आला?"

"आपल्याकडे कुठला? आपला टीव्ही तर जुना डब्बा आहे, बिननेटचा."

"मग इथं काऊन दिसून राहिला?"

मी कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात वायफायचं नाव पाहिलं. ते आमचं नव्हतंच, काकूंचं होतं!

गेल्या महिन्यात आमचा रिचार्ज संपला, तेव्हा काकूंकडून वायफायचा पासवर्ड घेतला होता. कॉम्प्युटर तेव्हापासून तिथेच चिकटून बसलं होतं! दोन्ही घरी एकाच माणसाने एकसारखे राऊटर बसवलेले, राऊटरच्या पानाचा पासवर्डही एकच ठेवलेला. मी मोठ्या ऐटीत शेजारचा चौकीदार पढवला होता, अन् दर वेळी त्यालाच झोपवत होते!

आता जाऊन सांगणं भाग होतं. अन् मी कोण? शाळेत हजेरीला ‘यस सर’ इतक्या हळू म्हणते की अधूनमधून गैरहजेरी लागते. तरी गेले. दारात उभी राहिले. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

"काका, त्यांनी फोन नाही ठेवला. मी ठेवला."

"तू? तू तं तुझ्या घरी होती वो!"

"घरूनच ठेवला. दोन्हीदा."

काकू घाबरल्या. "अवो, पोरीले ताप आहे का पाहा बरं!"

मी अडखळत सगळं सांगितलं. काकांना ओ की ठो कळलं नाही, पण ताईला कळलं. तिने मोबाईल सुरू केला. मेसेज टणाटण वाजायला लागले. सगळे त्याच मुलाचे, ‘हॅलो? आवाज येऊन राहिला का?’

ताईने स्पीकरवर फोन लावला. "तुम्ही ‘हे पाहा’ म्हणाले, मग काय म्हणणार होते?"

"हेच म्हणून राहिलो होतो, की नोकरी बिलकुल सोडू नका! दोघं कमावू तेव्हाच पुण्यात भाडं निघते. पण तुम्ही फोन काऊन ठेवला जी?"

ताई हसत सुटली, डोळ्यांत पाणी तसंच. तिने माझा पराक्रम सांगितला. मुलगा नेटच्याच कंपनीत कामाला! तोही खो खो हसला, अन् मला मेहुणीच करून टाकलं. "साळीबाईंना सांगा, काम एकदम बरोबर केलं. घर तेवढं चुकलं!"

स्थळ जुळलं. मी काकांना विचारून माझा नियम पुसला, आमचं कॉम्प्युटर त्यांच्या वायफायवरून काढलं. पण काकांचा विश्वास उडाला तो उडालाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी राऊटर लोखंडी कपाटात ठेवला, फटीतून वायर काढली, कपाटाला कुलूप लावलं अन् चावी खिशात घातली. "आता लाव म्हणा हात!"

मी त्याला हात कधी लावलाच नव्हता, हे त्यांना कोण सांगणार?

लोखंडी कपाटातून वायफाय नीट बाहेर येत नाही. आता त्यांचं नेट खरोखरच रोज अडकतं. अन् अडकलं रे अडकलं की काका भिंतीपलीकडून ओरडतात, "मिनू! आता काय केलं वो?"